सही दुसऱ्याची, घर आपलं

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला पुण्यात, नाशकात किंवा ठाण्यात घर घ्यायचं असलं, तर ते पाहायला आता विमानात बसावं लागत नाही. व्हिडिओ कॉलवर खोल्या दिसतात, प्रकल्पाची महारेरावरची माहिती घरबसल्या उघडता येते, पैसे बँकेतून बँकेत जातात. अडतं ते सहीपाशी. खरेदीचा दस्त नोंदवावाच लागतो आणि त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात माणूस हजर लागतो. त्याने कॅमेऱ्यासमोर बसायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा, दस्त आपणच केल्याची कबुली द्यायची. नोंदणीची तारीख बिल्डरच्या, विक्रेत्याच्या आणि बँकेच्या सोयीने पुढेमागे होत राहते. तेवढ्यासाठी न्यू जर्सीहून किंवा दुबईहून येणं जमत नाही. मग घरात कुणीतरी म्हणतं, "दादाला पॉवर ऑफ अटर्नी देऊन टाक."

सल्ला योग्य आहे. पण या मुखत्यारपत्रावर आयुष्यभराच्या बचतीचा आणि बहुतेकदा एका नात्याचाही भार असतो, म्हणून ते सावकाश, समजून लिहायला हवं. दूर राहून घर घेताना तीन कामं दुसऱ्यांकडून करून घ्यावी लागतात: सही, कागदपत्रांची तपासणी आणि पैशांची देवघेव. ही तिन्ही कामं एकाच हातात गेली की व्यवहाराला पहारेकरीच उरत नाही. सहीचा अधिकार मुखत्याराला द्यावा, तपासणी आपण स्वतंत्रपणे नेमलेल्या वकिलाकडे द्यावी आणि पैसे आपल्या खात्यातून थेट ज्याचे त्याला पाठवावेत. पुढचं सगळं या एका सूत्राभोवती आहे.

मुखत्याराचं काम काय, मर्यादा काय

मुखत्यारपत्राचा स्वतंत्र कायदा 1882 सालचा आहे. मुखत्यार आणि त्याला नेमणारा यांच्यातलं नातं मात्र 1872 च्या भारतीय करार कायद्यातल्या एजन्सीच्या प्रकरणाने बांधलेलं आहे. मुखत्यार वकीलच असावा लागतो असं नाही. भाऊ, बहीण, सासरे, जुना मित्र, कुणीही सज्ञान माणूस चालतो. त्याने दिलेल्या अधिकारात राहून केलेली सही ही आपलीच सही ठरते आणि तिच्यातून येणारी जबाबदारीही आपलीच.

करार कायद्याने मुखत्यारावरही बंधनं घातली आहेत. मागितला तर त्याने हिशेब द्यायचा असतो. त्याच्या हातून व्हायचं ठरलेलं काम आपल्या संमतीशिवाय त्याने तिसऱ्याकडे सोपवायचं नसतं. आपल्याला अंधारात ठेवून त्याने या व्यवहारात स्वतःसाठी काही लाभ मिळवला, तर तो लाभ मागण्याचा आपल्याला हक्क आहे. नेमणारा दगावला की मुखत्यारपत्र सामान्यतः तिथेच संपतं. "बाबांनी मला सगळे अधिकार लिहून दिलेत, त्यांच्या माघारी घर मीच विकीन," हा समज म्हणूनच खोटा ठरतो. त्यासाठी मृत्युपत्र लागतं. मुखत्यारपत्र त्या कामाचं नाही.

दुसरी मर्यादा त्याहून महत्त्वाची. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2011 रोजी हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. करारनामा, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद हातात देऊन घर 'विकायची' जी रीत पडली होती, तिने मालकी हस्तांतरित होत नाही; त्यासाठी नोंदलेलं खरेदीखतच लागतं. तेव्हा कुणी स्वस्तातलं घर "पॉवरवर" देऊ करत असेल, तर तिथून निघावं. विक्रेत्याच्या बाजूने मुखत्यार सही करत असेल, तर ते वैध असू शकतं, पण मूळ मालक हयात आहे का आणि त्याने अधिकार मागे घेतलेला नाही ना, हे त्याच्याशी प्रत्यक्ष बोलून पाहावं.

अधिकार मोजून द्या

झेरॉक्सच्या दुकानात किंवा इंटरनेटवर मिळणारा कुलमुखत्यारपत्राचा तयार नमुना पाच-सहा पानांचा असतो. त्यात खरेदी, विक्री, गहाण, भाडेपट्टा, कर्ज, कोर्टकचेरी असं जगातलं सगळं असतं. एक घर घेण्यासाठी यातलं बहुतेक काही लागत नाही. हवं असतं ते विशेष मुखत्यारपत्र: एक मिळकत, एक काम, एक मुदत.

त्यातलं मुख्य कलम साधारण असं असावं: "मौजे बाणेर, तालुका हवेली, जिल्हा पुणे येथील अमुक इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरील सदनिका क्रमांक 302, आमच्या नावे, एकूण मोबदला अमुक रुपयांपेक्षा अधिक नसेल अशा रकमेस खरेदी करण्यासाठी करारनामा व खरेदीखत यांवर आमच्या वतीने सही करणे, ते दुय्यम निबंधकांसमोर नोंदणीस दाखल करणे, दस्ताची कबुली देणे, नोंदणीकृत दस्त व सदनिकेचा ताबा आमच्या वतीने घेणे." याच्या पुढे दोन वाक्यं आणखी जोडावीत. एक, हा अधिकार अमुक तारखेपर्यंतच चालेल. दोन, ही सदनिका विकण्याचा, गहाण टाकण्याचा, भाड्याने देण्याचा किंवा हा अधिकार दुसऱ्याला देण्याचा हक्क मुखत्यारास नाही.

या कलमातला प्रत्येक तपशील काहीतरी राखतो. सदनिकेचा क्रमांक लिहिला की ऐनवेळी "302 गेली, 105 घेऊन टाकली" असं होत नाही. किमतीची वरची मर्यादा लिहिली की वाढीव रकमेसाठी आपल्याला विचारावंच लागतं. मुदत लिहिली की विसरलेला कागद दहा वर्षांनी कुणाच्या कपाटातून निघून त्रास देत नाही.

विक्रीचा अधिकार गाळण्यात पैशाचाही हिशेब आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात आई-वडील, भावंडं, पती-पत्नी, मुलगी, नातवंडं अशा जवळच्या नात्यांतल्या मुखत्यारासाठी शुल्कात वेगळी सवलत आहे. पण मित्राला किंवा ओळखीच्या एजंटाला स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार लिहून दिला, तर त्या मुखत्यारपत्रावर खरेदीखताइतकं शुल्क लागू शकतं. तयार नमुन्यातला एक नको असलेला शब्द असा लाखोंच्या घरात जाऊ शकतो.

कर्ज काढायचं असेल, तर बँकेला आधीच विचारावं. बहुतेक बँका परदेशस्थ कर्जदारासाठी मुखत्यारपत्राचा आपला मसुदा देतात आणि तोच हवा असतो. मग बँकेसाठी एक आणि खरेदीसाठी एक असे दोन वेगळे कागद करावेत. दोन्ही एकत्र केले की खरेदीच्या कागदात कर्जाचे आणि गहाणाचे अधिकार शिरतात.

कागद परदेशातून येतो कसा

1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 33 सांगतं, की मुखत्यारपत्र देणारा भारतात राहत असेल तर ते निबंधक किंवा दुय्यम निबंधकांसमोर सही करून साक्षांकित करून घ्यावं. भारताबाहेर असेल तर नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारताच्या वाणिज्यदूतासमोर.

प्रत्यक्षात दोन वाटा आहेत. एक वाट भारतीय वकिलातीची. वेळ ठरवून जायचं, पासपोर्ट दाखवायचा, अधिकाऱ्यासमोर सही करायची. दुबईसारख्या ठिकाणी हीच वाट रूढ आहे. दुसरी वाट अपॉस्टिलची. हा हेग इथे झालेल्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेला शिक्का. भारतासाठी हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. अमेरिकेत स्थानिक नोटरीसमोर सही करून तो कागद राज्याच्या सचिवालयाकडून अपॉस्टिल करून घेतात. ब्रिटनमध्ये हे काम परराष्ट्र कार्यालय करतं. कॅनडा या करारात 11 जानेवारी 2024 पासून आला, त्यामुळे टोरांटोतल्या मंडळींनाही आता ही सोय आहे. पती-पत्नी दोघांच्या नावावर घर असणार असेल, तर दोघांनी सही करायची. प्रत्येक पानावर सही, फोटो, दोन साक्षीदार आणि मुखत्याराचाही फोटो व नमुना सही असली की इथे आल्यावर शंका उरत नाही.

कागद भारतात पोचला की खरी घाई सुरू होते, आणि नेमकी इथेच अनेकांची चूक होते. परदेशात केलेल्या दस्तावर तो राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. म्हणून कुरियरचं पाकीट फेकू नये. त्यावरची तारीख हाच कागद कधी आला याचा पुरावा असतो. मुखत्याराने मूळ कागद आणि पाकीट घेऊन मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जायचं आणि शुल्क भरून तसा शेरा घ्यायचा. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 100 आणि 200 रुपयांच्या मुद्रांकांची जागा 500 रुपयांनी घेतली आहे. रक्कम लहान आहे, पण ती वेळेत भरली नाही तर नोंदणीच्या दिवशी सगळं तिथेच थांबतं.

दिवाळीला किंवा लग्नकार्याला गावी येणं होणार असेल, तर सगळ्यात सोपी वाट म्हणजे इथेच दुय्यम निबंधकांसमोर मुखत्यारपत्र नोंदवून जाणं. कोर्टाबाहेरच्या नोटरीच्या शिक्क्यावर या कामासाठी विसंबू नये.

काय घेता येतं आणि काय नाही

परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, म्हणजे फेमाखाली, अनिवासी भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांना निवासी आणि व्यापारी मालमत्ता घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाहीत. वडिलांकडून वारशाने शेत आलं, तर ते ठेवता येतं. शिवाय महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, मग तो देशात राहत असो वा परदेशात.

कोकणात आंब्याची बाग घेण्याचं स्वप्न इथे अडतं, आणि मग कुणीतरी सुचवतं, "दादा शेतकरी आहे, त्याच्या नावावर घेऊ." पैसे आपले आणि नाव दुसऱ्याचं, असा व्यवहार बेनामी ठरू शकतो. 1988 चा बेनामी व्यवहारांचा कायदा 2016 मध्ये कडक झाला. त्यात मालमत्ता सरकारजमा होते, एक ते सात वर्षांचा सश्रम कारावास आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. पती, पत्नी किंवा मुलांच्या नावावर आपल्या उघड उत्पन्नातून घर घेतलं, तर त्याला अपवाद आहे. भावाबहिणीच्या किंवा आईवडिलांच्या बाबतीत आपलं नावही सहमालक म्हणून दस्तात असावं लागतं. त्यामुळे फ्लॅट घेतानाही "आत्ता दादाच्या नावावर, मग करू आपल्या नावावर" हा मार्ग धरू नये. दादा मुखत्यार म्हणून सही करेल, खरेदीदार म्हणून नाव आपलंच हवं.

तपासणी वकिलाची, पैसे आपल्या खात्यातून

कागदपत्रं तपासणारा वकील बिल्डरने सुचवलेला नसावा आणि मुखत्याराचा मित्रही नसावा. त्याची फी आपण भरायची आणि त्याचा अहवाल आपल्याकडे यायचा. मिळकतीचा साधारण 30 वर्षांचा शोध, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, आधीच्या दस्तांची साखळी, बँकेचा बोजा आहे का आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे का, या गोष्टी त्याने लेखी सांगायच्या. जुना फ्लॅट असेल, तर सोसायटीचा भाग दाखला आणि थकबाकी नसल्याचं पत्रही हवं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवणं हा खर्च वाचवण्यासारखा नाही. सातबारा महाभूलेखवर आणि नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्यालाही पाहता येते. वकिलाचा अहवाल आला की शेजारी ही पानं उघडून स्वतः ताडून पाहावं.

बांधकाम चालू असलेला प्रकल्प असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. रेरा कायद्यानुसार बिल्डरला करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "20 टक्के भरा, करार नंतर करू" म्हणणाऱ्याला हा नियम शांतपणे सांगावा.

पैशांचा नियम सरळ आहे. रक्कम परदेशातून बँकेमार्फत यावी किंवा आपल्या एनआरई, एनआरओ, एफसीएनआर खात्यातून जावी. रोख परकीय चलन चालत नाही. यासाठी मुखत्याराच्या खात्यात पैसे टाकण्याची गरजच नाही. विक्रेत्याला थेट त्याच्या खात्यात पैसे द्यावेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सरकारच्या ग्रास संकेतस्थळावर नेट बँकिंगने आपण स्वतः भरून चलन मुखत्याराला पाठवता येतं. घराची किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर निवासी विक्रेत्याला पैसे देताना 1 टक्का कर कापून सरकारकडे भरणं ही खरेदीदाराची, म्हणजे आपली जबाबदारी. विक्रेताही परदेशस्थ असेल, तर हा 1 टक्क्याचा नियम लागत नाही. तिथे कापायची रक्कम बरीच मोठी असते आणि सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवावा. पुढे घर विकलं, तर परकीय चलनातून गुंतवलेली रक्कम परत नेता येते. निवासी घरांच्या बाबतीत ही मुभा दोन घरांपुरती आहे. एनआरओ खात्यातून कर भरून एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. दाखला नसेल, तर हे सगळं सिद्ध करणं जड जातं.

नोंदणीच्या दिवशी

पुण्यात हवेली क्रमांकाच्या एखाद्या कार्यालयात हे काम कसं होतं, ते मुखत्याराला आधी सांगून ठेवावं. दस्ताच्या पहिल्या पानांवर विक्रेता "लिहून देणार" असतो आणि आपण "लिहून घेणार". आपल्या नावाखाली "तर्फे कुलमुखत्यारपत्रधारक" म्हणून मुखत्याराचं नाव येतं. पॅन आपला लागतो, ओळखपत्र त्याचं. मुखत्यारपत्राची मूळ प्रत सोबत हवी. त्याच्याबरोबर एक घोषणापत्र जोडावं लागतं, ज्यात मुखत्यार लिहून देतो की हे मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि देणारी व्यक्ती हयात आहे. मग नंबर लागतो, फोटो निघतो, अंगठा उमटतो, ओळखदार सह्या करतात आणि दस्त स्कॅन होतो. दस्तावर सही झाल्यापासून तो चार महिन्यांत नोंदणीसाठी हजर करायचा असतो, हेही ध्यानात असावं.

नोंदणी झाली की त्याच दिवशी सूची क्रमांक दोनची प्रत मागवून वाचावी. नावाचं स्पेलिंग, पॅन, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ, मोबदला. चूक तेव्हाच दिसली, तर चूकदुरुस्ती दस्त करणं सोपं असतं. पाच वर्षांनी विक्रेता सापडेलच असं नाही.

गोव्यात थोडं वेगळं

गोव्यात घर घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आजही लागू आहे. त्याखाली लग्न झालेल्या पती-पत्नींची मालमत्ता, वेगळा करार नसेल तर, सामाईक असते. म्हणून विक्रेता विवाहित गोंयकार असेल, तर पतीची आणि पत्नीची, दोघांची सही पाहावी. एकाच्याच मुखत्यारपत्रावर भागत नाही. दुसरी गोष्ट, मालक परदेशी किंवा दिवंगत असलेल्या जमिनी बनावट कागदांनी लाटल्याच्या तक्रारी एवढ्या झाल्या, की गोवा सरकारला 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. एक-चौदाचा उतारा आणि जुनी पोर्तुगीज नोंदणी वाचू शकणारा स्थानिक वकील तिथे हवाच.

काम झालं की अधिकार परत

दस्त हाती आला, ताबा मिळाला, मालमत्ता कराच्या नोंदीवर, वीजबिलावर आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावर आपलं नाव लागलं, की मुखत्यारपत्राचं काम संपलं. तेव्हा ते रद्द केल्याचा लेख करावा आणि मुखत्याराला, बँकेला, सोसायटीला लेखी कळवावं. मूळ मुखत्यारपत्र नोंदलेलं असेल, तर रद्दलेखही नोंदवावा. करार कायद्यात अधिकार संपल्याचं बाहेरच्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो चालू धरला जातो. म्हणून कळवणं हा रद्द करण्याचाच भाग आहे.

हे सारं वाचून एखाद्याला वाटेल, की सख्ख्या भावाशी इतकं कागदोपत्री कशाला वागायचं? उलट भावासाठीच हे करायचं. रजा काढून कार्यालयाच्या रांगेत तो उभा राहतो, बिल्डरशी तो बोलतो, आपल्याऐवजी तो अंगठा उमटवतो. अधिकार ढोबळ असला, पैसे त्याच्या खात्यातून फिरले, की पुढे कधी आयकर खात्याने प्रश्न विचारला किंवा घरात कुणी शंका काढली, तर उत्तर त्याला द्यावं लागतं. अधिकार मोजून दिला, तर त्याने काय केलं आणि काय केलं नाही, हे कागदच सांगतो. घरासाठी केलेल्या मुखत्यारपत्रांवरून भावंडांची तोंडं फिरलेली आपल्या आसपास पाहायला मिळतात. त्यातली बरीच नाती चांगल्या मसुद्याने वाचली असती. तेव्हा मुखत्यारपत्राचा मसुदा भावासोबत बसून वाचा, प्रत्येक कलम त्याला समजावून सांगा, त्याला नको असलेली जबाबदारी गाळा आणि मगच वकिलातीची वेळ घ्या.